दख्खनी बाजाची फँटसी गेम : पात्रं आणि चित्रं 'आपली' दिसायला नेमकं काय लागतं?

गेरूचा_डबा (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार. नोकऱ्या सांभाळून आम्ही तिघं एक छोटी फँटसी गेम करतोय. राज्य काल्पनिक, जादू आहे, भुतंखेतं आहेत. पण पाया सातवाहनकाळाचा : घाटवाटा, बंदरातून माल घेऊन वर चढणारे बैलांचे तांडे, डोंगर पोखरून लेणी करणारे कारागीर. नायिका सामा. अशाच एका तांड्याची राखणदार.

आमच्या चित्रकाराने तिचं पहिलं चित्र केलं त्यात नऊवारी, नथ, चंद्रकोर, फेटा आणि हातात दांडपट्टा. ज्याला दाखवलं तो म्हणाला, "वा, एकदम आपली!" कोडिंग करणारा मात्र अडून बसला. म्हणे, यातलं काहीही त्या काळचं नाही. मग लेण्यांचे फोटो समोर ठेवून दुसरं चित्र केलं. ते बघून तीच माणसं विचारतात, "ही कुठली म्हणायची?"

तर प्रश्न असा की, फँटसी आहे म्हटल्यावर काळाचा काच किती मानायचा? आणि दुसरं, शत्रू म्हणून आसरा, मुंजा, झोटिंग घ्यायचेत. त्यात कुणाला दुखावण्यासारखं आहे का?

रिकामटेकडा_७

पहिल्या बाकावर जागा पकडून ठेवतो. पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

कातळखुणा

तुमचा कोडर बराचसा बरोबर आहे, पण सरसकट नाही. एकेक घेऊ.

नथ : जुन्या शिल्पांत नाकात दागिना दिसत नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर जी दांपत्यं कोरली आहेत ती नीट पाहा. कानांत जड कुंडलं आहेत, कमरेला कित्येक पदरी मेखला आहे, पायांत जाडजूड वाळे आहेत. नाक मोकळं. नथ पुढे मध्ययुगात आली.

फेटा : इथे चित्रकार जिंकला. भाज्याच्या विहारातली माणसं बघाल तर पागोट्यांची चैन आहे नुसती. कपाळावर मोठी गाठ, कधी एका बाजूला कललेली. बायकांची शिरोभूषणंही काही कमी नाहीत. त्यामुळे डोक्याला भरघोस काहीतरी हवंच, फक्त सध्याच्या मिरवणुकीतला तुऱ्याचा फेटा नको.

कासोटा : कापड पायांमधून मागे खोचून नेसायची पद्धत जुनीच आहे. आज आपण जिला नऊवारी म्हणतो ती तिच्या काठापदरासह, चोळीसह नंतरची.

दांडपट्टा : सतराव्या शतकात गाजलेलं हत्यार. सातवाहनांशी त्याचा संबंध नाही.

आता माझा मुद्दा. वस्तूंची यादी तपासून पात्र अस्सल होत नसतं. सामा राखणदार आहे ना? मग राखणदार काय घालत होते ते बघा. पितळखोऱ्याच्या लेण्यांच्या दारावर दोन द्वारपाल आहेत. हातात भाला, ढाल, आणि अंगात चक्क शिवलेला अंगरखा. बाकी सगळीकडे न शिवलेली वस्त्रं असताना या दोघांच्या अंगात शिवलेलं कापड आहे. बंदरांवर, घाटांवर परदेशी लोकांची ये-जा होती. कार्ल्याच्या खांबांवर धेनुकाकट गावच्या यवनांनी (म्हणजे ग्रीक वगैरे परदेशी लोकांनी) दान दिल्याचे लेख आहेत. तांड्याबरोबर हिंडणाऱ्या मुलीने असा अंगरखा, खाली कासोटा आणि डोक्याला बाजूला गाठ मारलेलं पागोटं घातलं तर ती त्या जगातली वाटेल आणि कुठल्याच कॅलेंडरवरची वाटणार नाही.

निशाचर_गेमर

कातळखुणा, अभ्यासाला दंडवत. पण गेम म्हणजे संग्रहालय नाही हो. खेळणारा स्टोअरच्या पानावर चित्रावरून नजर फिरवतो आणि पुढे जातो. त्या क्षणात नथ जे काम करते ते पितळखोऱ्याचा द्वारपाल करणार आहे का?

पुण्यातल्याच स्टुडिओने केलेली 'राजी : ॲन एन्शंट एपिक' २०२० साली आली. तिच्यात राजस्थानी वास्तू आहे, पहाडी चित्रशैली आहे, मधल्या गोष्टी छायाबाहुल्यांच्या धर्तीवर सांगितल्यात. काळ आणि प्रदेश मिसळलेत, तरी जग एकसंध वाटतं, कारण रंग आणि प्रकाश एका हाताने सांभाळलेत. माझं मत : पहिलं चित्र ठेवा.

रिगिंगवाला

संस्कृतीचं तुम्ही ठरवा. मी पात्रं हलावीत म्हणून त्यांच्या त्रिमितीय आकाराला हाडं बसवणारा माणूस, हाडांचं बोलतो.

नऊवारी किंवा कुठलाही कासोटा हे ॲनिमेटरचं दुःस्वप्न आहे. मांड्यांमधून मागे जाणारं कापड, पात्र धावायला लागलं की पायातून आरपार घुसतं. कापडाचं सिम्युलेशन छोट्या टीमने करू नये. त्यापेक्षा कासोटा मांडीच्या मेशमध्येच (पात्राच्या त्रिमितीय आकाराच्या जाळीतच) घट्ट घडवा आणि पुढच्या निऱ्यांना तेवढी दोन-तीन हाडं द्या, झुलायला पुरतात. मेखला कडक वर्तुळ म्हणून कमरेच्या हाडाला बांधा. जड वाळ्यांमुळे घोट्याजवळची मेशची मोडतोड झाकली जाते.

आणि पागोटं तर वरदान! मोकळे केस करायला जेवढा वेळ आणि जेवढे पॉलिगॉन जातात त्यात तीन पागोटी होतात. म्हणजे कातळखुणांची सामा नुसती अस्सल नाही, स्वस्तही आहे.

उचापती

चित्रकाराला कशाला त्रास देता, यंत्राला सांगा. मी आत्ताच "सातवाहनकाळातली घाटातली राखणदार" असं लिहून चित्र मागवलं. मागे ताजमहालछाप घुमट, समोर तळं, तळ्यात कमळं, बाईच्या कपाळावर तीन बिंद्या आणि हाताला सहा बोटं. सहावं बोट फँटसी म्हणून खपवता येईल.

घाणेरी

पात्रांवर सगळे बोलतायत, मागच्या झाडांवर कुणीच नाही, म्हणून मी.

गेममधलं 'भारतीय गाव' बघितलं की दारात झेंडूची तोरणं आणि वेशीवर लालभडक गुलमोहर असतो. झेंडू अमेरिकेतला, पोर्तुगिजांच्या काळात इकडे आला. गुलमोहर मादागास्करचा, इथे येऊन दोनशे वर्षंही धड झालेली नाहीत. सीताफळ, पपई, काजू, मका, मिरची, तंबाखू, सगळे पाहुणेच. सुबाभूळ आणि निलगिरी तर बोलूच नका. माझं स्वतःचं सदस्यनामही परदेशी झुडुपाचं आहे, पण मी सामाच्या वाटेवर उगवणार नाही, वचन.

त्याऐवजी काय? उन्हाळ्याच्या तोंडावर निष्पर्ण पळस आणि काटेसावर लाल होतात, पांगाराही. बहावा पिवळा. ओढ्याकाठी उंबर, करंज. डोंगरउतारावर ऐन, अंजनी, आणि कारवी. कारवी साधारण सात वर्षांनी एकदाच फुलते आणि अख्खा उतार जांभळा होतो. फँटसी गेमला अजून काय पाहिजे! गोष्टीतला एखादा मोठा प्रसंग त्या फुलोऱ्याच्या वर्षी घडवा. जादूचा वेगळा इफेक्ट करायला नको.

वाटसरू_घाटाचा

घाणेरी +१. त्यात डोंगर जोडतो. ॲसेटच्या (तयार चित्रसामग्रीच्या) दुकानातून आणलेले टोकदार, बर्फाळ डोंगर चिकटवून वर 'सह्याद्री' लिहू नका. आपला डोंगर लाव्ह्याच्या थरांचा आहे. माथा बहुतेकदा सपाट, मग काळा कडा, मग गवताची पट्टी, पुन्हा कडा. लांबून पायऱ्या पायऱ्या दिसतात. खाली कोकणात उतरलात की दगडाचा रंग बदलतो, लाल सच्छिद्र जांभा लागतो. एवढं केलंत तरी खेळणाऱ्याला नकाशा न उघडता कळेल की आपण घाटावर आहोत की खाली.

आणि नाणेघाट घ्या बुवा. खिंडीच्या तोंडाशी दगडी रांजण आहे, जकातीचा म्हणून सांगतात. गेममध्ये 'इथे नाणी टाका, वाट उघडेल' यासाठी याहून चांगली वस्तू कुणाच्या कल्पनेतून निघणार नाही.

कातळखुणा

वाटसरू, तिथली लेणी विसरू नका. आतल्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, यज्ञांची आणि दानांची मोजदाद आहे, अंकांसकट. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या व्यक्तींचे पुतळे होते. वर नावं कोरलेली आहेत, पुतळे गेले, पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्यात. चेहरे कुणालाच माहीत नाहीत. धागाकर्ते, तुमच्या काल्पनिक राजघराण्याला एवढी मोकळी जागा इतिहासाने स्वतःहून ठेवली आहे.

निशाचर, तुम्हाला उत्तर : 'राजी'चं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. त्यांनी मिसळ केली ती ठरवून. धाग्यातल्या पहिल्या चित्रात नथ आली ती 'मराठी बाई म्हणजे नथ' या सवयीने. मिसळायला माझी ना नाही, पण निवडून मिसळा.

निशाचर_गेमर

सवय म्हणजेच संस्कृती नाही का मग? आज महाराष्ट्रातल्या मुलीला स्वतःची वाटणारी खूण नथ असेल, तर दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिल्पाचा मान तिच्यापेक्षा मोठा का?

कातळखुणा

आजच्या मुलीवर गेम केलीत तर नथ घाला, चंद्रकोर लावा, मी टाळ्या वाजवीन. ही तांड्याची राखणदार आहे. नाकातली मोत्यांची नथ घेऊन हाणामारी करून दाखवा.

रिगिंगवाला

नथ आणि ओठ यांची टक्कर सोडवायची असेल तर मानधन वेगळं.

प्रतिसादक_जुना

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

कुंचला

मी बरीच वर्षं दुसऱ्यांच्या गेमांसाठी चित्रं काढली आहेत. एका परदेशी ग्राहकाकडून प्रत्येक खेपेला एकच शेरा यायचा : "अजून भारतीय करा." अजून भारतीय म्हणजे काय, तर अजून एक हत्ती, अजून एक मोर, अजून थोडं सोनं. शेवटी पडद्यावर पात्र सापडेना. म्हणून धागाकर्त्यांना सांगते, खुणा वाढवत नेऊन अस्सलपणा येत नाही. दोन गोष्टींकडे बघा, रंग आणि रेषा.

अजिंठ्याचे रंग घ्या. तांबडी-पिवळी गेरूची माती, हिरवी माती, काजळाचा काळा, चुन्याचा पांढरा. निळा तेवढा लाजवर्दाचा, तो थेट अफगाणिस्तानातून यायचा. म्हणजे निळा महाग. गेममध्येही हाच नियम लावा : सामान्य माणसांच्या वस्तीत निळा नाही, निळा दिसला की तिथे सत्ता किंवा जादू. खेळणाऱ्याला कुणी न सांगता कळतं. (९ आणि १० क्रमांकाच्या लेण्यांतली जुनी चित्रं तुमच्या काळाची. बाकीची बरीचशी पाचव्या शतकातली, वाकाटकांच्या वेळची. घ्यायला हरकत नाही, पण माहीत असू द्या.)

त्वचा : अजिंठ्यात काळीसावळी माणसं राजवाड्यातही आहेत, आणि ती सुंदर म्हणूनच रंगवली आहेत. आपल्या गेमांत मात्र नायिका गोरी आणि गुंड सावळा. सामा सावळी करा. आणि तयार मिळणारे स्किन शेडर (त्वचेवर प्रकाश कसा पडतो ते ठरवणारे प्रोग्रॅम) बहुतेक गोऱ्या त्वचेवर जुळवलेले असतात. तेच वापरून नुसता रंग गडद केलात तर चेहरा राखेसारखा दिसतो. सावळ्या त्वचेत आकार दिसतो तो चकाकीतून, म्हणून कडेचा प्रकाश आणि कपाळ-गालाच्या हाडावरचा तजेला जपा.

आता जरा कडक बोलते. वारली किंवा पिंगुळीची चित्रकथी 'स्टाइल' म्हणून उचलू नका. चित्रकथी ठाकर समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आहे, पोथ्यांतली चित्रं एकामागून एक दाखवत गोष्ट सांगायची पद्धत आहे ती. वारलीतला देवचौक लग्नात काढतात, त्यात पालघट देवी असते, आणि तो परंपरेने सुवासिनी काढतात. त्याचा 'पॉवर वाढली' असा बिल्ला करणं मला तरी पटत नाही. गेमच्या मधल्या गोष्टींसाठी चित्रकथी हवी असेल तर काढणाऱ्या कलाकाराला बोलवा, पैसे द्या, श्रेयनामावलीत नाव वर लावा, आणि कथेबद्दल त्याचं मत ऐका. २०१४ ची 'नेव्हर अलोन' ही गेम अलास्कातल्या इन्युपियाक लोकांबरोबर बसून केलेली आहे. निवेदनही त्यांच्याच भाषेत आहे. मूळ कल्पनाच तिथल्या आदिवासी संस्थेने पुढे आणली होती. हे जमतं, फक्त सुरुवातीपासून करावं लागतं. शेवटच्या आठवड्यात फोन करून 'जरा बघून सांगता का' असं चालत नाही.

उचापती

कुंचलाताई, अजून एक हत्ती टाका ना प्रतिसादात, भारतीय वाटत नाहीये.

आडवाटेची_आजी

भुतांचं कुणी बोललं नाही अजून, ते माझं खातं.

बाळांनो, आसरा ही शत्रू नव्हे. साती आसरा पाण्याच्या देवता आहेत. डोह, विहिरी, बारवा इथे शेंदूर लावलेले सात दगड असतात, आजही लोक ओटी भरतात. त्यांना तलवारीने मारायला लावलंत तर लोक चिडतील आणि मी त्यांच्या बाजूने असेन. पण त्यांना भय म्हणून ठेवा की. पाण्यात उतरण्याआधी काही ठेवलं नाही तर सामाला पलीकडे जाता येणार नाही. मारायचं नाही, मान राखायचा. खेळ म्हणून ते जास्त मजेचं आहे.

मुंजा वेगळा. मुंज झाली आणि लग्नाआधी गेला तो मुंजा, पिंपळावर राहतो. म्हणजे तो लहान मुलगा आहे! त्याला दात विचकणारा राक्षस कसा काय करता? त्याचं काहीतरी राहून गेलंय, ते पुरं केलं की तो वाट सोडेल. हडळ, खवीस, झोटिंग, प्रत्येकाची राहण्याची जागा आणि वागण्याची रीत ठरलेली असते. वेताळ तर सगळ्यांचा राजा, अवसेच्या रात्री मशाली घेऊन त्याची फेरी निघते. लांबून ओळीने मशाली येताना दिसल्या की खेळणाऱ्याने वाट सोडून लपायचं. बघा जमतं का.

मात्र एक. मुंज, पिंपळ, ही सगळी आपल्या आत्ताच्या गोष्टींतली. सातवाहनांच्या वेळी मुंजा होता का ते कातळखुणांना विचारा.

कातळखुणा

आजी, तुमच्या भुतांना कालगणना लावायची माझी छाती नाही. त्या काळाचं हवंच असेल तर यक्ष घ्या. पितळखोऱ्याला सापडलेला यक्ष सध्या दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. बुटका, ढेरपोट्या, डोक्यावर वाडगं धरलेला आणि तोंडभर हसणारा. हातावर करणाऱ्याचं नावही कोरलंय : कण्हदास, आणि धंद्याने सोनार. दगडाच्या मूर्तीवर सोनाराची सही! त्याच्या अंगावरचे दागिने इतके नीट का उतरलेत ते मग कळतं.

निशाचर_गेमर

हा दुकानदार झाला पाहिजे. डोक्यावरच्या वाडग्यात नाणी टाकायची. या एका पात्रासाठी मी नथ सोडायला तयार आहे.

हिशेबनीस

फार वाचलं, थोडं लिहितो. गावातल्या बाकी पात्रांचे धंदे कुठून आणायचे हा प्रश्न पुढे येईलच. नाशिक, जुन्नर, कान्हेरीचे दानलेख वाचा. गंधी, कासार, विणकर, तेली, बांबूकाम करणारे, धान्याचे व्यापारी, सगळे हजर. पाणी उपसायची यंत्रं करणाऱ्या ओदयंत्रिकांचीसुद्धा श्रेणी (धंद्याचा संघ) आहे. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याच्या नाशिकच्या लेखात तर विणकरांच्या दोन श्रेणींकडे २००० कार्षापण (त्या काळची नाणी) दरमहा शेकडा १ व्याजाने आणि १००० कार्षापण शेकडा पाऊण व्याजाने ठेवल्याची नोंद आहे. म्हणजे तुमच्या गेममध्ये बँकही अस्सल करता येईल.

वाटसरू_घाटाचा

हिशेबनीस, तुमच्या सदस्यनामाला जागलात.

निशाचर_गेमर

एक कामाची गोष्ट. 'ब्लॅक मिथ : वूकाँग' (२०२४) मध्ये चीनमधली खरी देवळं स्कॅन करून वापरली आहेत. दाखवलेल्या ३६ स्थळांपैकी २७ एकट्या शान्शी प्रांतातली. आपल्याकडे तेवढा पैसा नाही, पण मोबाइलवर फोटो काढून दगडाचा पोत तरी खरा घेता येईल. बाजारात मिळणारा 'प्राचीन दगड' वाळूचा पिवळा असतो, आपला बेसॉल्ट काळा-करडा.

कातळखुणा

काढा, पण पुरातत्त्व खात्याच्या स्मारकात ट्रायपॉड लावायचा किंवा व्यावसायिक काम करायचं तर परवानगी लागते. आधी अर्ज करा, मग कॅमेरा. आणि दगडाकडे बघताना छिन्नीच्या खुणाही टिपा. पूर्ण झालेली भिंत आणि अर्धवट सोडलेली भिंत यांत खुणांची दिशा, खोली वेगळी असते. अर्धवट लेणं हा गेमसाठी फार चांगला नकाशा आहे, काम वरून खाली कसं सरकायचं ते त्यात दिसतं.

गेरूचा_डबा (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. तिघांनी बसून धागा वाचला, थोडी भांडणं झाली. ठरलं ते असं :

सामा सावळी. द्वारपालाचा अंगरखा, कासोटा, बाजूला गाठ मारलेलं पागोटं, कुंडलं. नथ गेली, चित्रकार दोन दिवस बोलणार नाही. गुलमोहर गेला, कारवी आली. आसरांशी लढाई रद्द, मुंजाचा प्रसंग आजी म्हणतात तसा. यक्ष दुकानदार एकमताने मंजूर. निळ्या रंगाचा नियमही घेतोय. चित्रकथीसाठी कुंचलाताई, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

काळाचा काच किती मानायचा, याचं आमच्यापुरतं उत्तर : जे मोडायचं ते एकच आणि जाणूनबुजून. ते म्हणजे दांडपट्टा. तो आम्ही ठेवतोय, कारण तसं फिरणारं दुसरं हत्यार नाही. या जगात तो फक्त एका लोहारांच्या श्रेणीलाच करता येतो, अशी कथा लावली आहे. कातळखुणा, रागवू नका.

कातळखुणा

रागावतो कशाला. श्रेणीचं नाव दानलेखाच्या पद्धतीने ठेवा म्हणजे झालं.

रिगिंगवाला

दांडपट्टा ठेवताय तर ऐका. मूठ पोलादी हातमोज्याच्या आत, पातं कोपरापासून सरळ रेषेत. मनगट वळतच नाही. त्यामुळे तलवारीची बाजारातली ॲनिमेशन एकही चालणार नाहीत. वार खांद्यातून आणि कमरेतून निघतो, अख्खं शरीर फिरतं. आणि त्या हाताने दुसरं काहीच धरता येत नाही. तुमच्या गेममध्ये शिड्या आहेत का?

गेरूचा_डबा (धागाकर्ता)

...लेण्यांची गेम आहे. शिड्याच शिड्या आहेत.

रिगिंगवाला

मग पट्टा काढून पाठीला लावायचं ॲनिमेशन आधी करा, आणि ते छोटं ठेवा. नाहीतर शिड्या काढून कातळात खोबण्या कोरा, एका हाताने चढता येईल अशा. तशा आपल्या किल्ल्यांवर आहेतच.

वाटसरू_घाटाचा

खोबण्यांचे फोटो माझ्याकडे ढिगाने आहेत. व्यनि करतो.

आडवाटेची_आजी

चढताना पट्टा डाव्या हातात की उजव्या, ते आधी ठरवा रे.